जुन्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड : निवडीचा एक आढावा

२०१२ ते २०१५ या काळात आपल्याकडील कचेऱ्या, महाविद्यालये, फोटो स्टुडिओ आणि मध्यमवर्गीय घरे यांत जे संगणक आले, त्यांपैकी पुष्कळसे अद्यापि सुस्थितीत आहेत. आणि मोठ्या कंपन्यांनी मुदत संपली म्हणून निकालात काढलेली डेल ऑप्टिप्लेक्स, लेनोव्हो थिंकसेंटर किंवा एचपीची तत्सम यंत्रे ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचत असल्यामुळे, ज्यांना नव्या यंत्राचा खर्च झेपत नाही अशा अनेक कुटुंबांचा संगणकाशी पहिला परिचय आज अशाच यंत्रांद्वारे होत आहे. इंटेलच्या तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा कोअर आय५ प्रोसेसर, ८ गिगाबाइट डीडीआर३ रॅम आणि नव्याने बसविलेली एसएसडी एवढी सामग्री असली, म्हणजे पत्रव्यवहार, हिशेब, इंटरनेट आणि टंकलेखन ही कामे असा संगणक विनातक्रार करतो. त्याचे उणेपण प्रकट होते ते चित्रांच्या कामात. मुलाला अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी त्रिमितीय आरेखन करावे लागले, लग्नाच्या चित्रीकरणाचे संकलन अंगावर पडले किंवा सुट्टीत एखादा नवा खेळ खेळून पाहण्याची इच्छा झाली, की आतापर्यंत निमूटपणे राबणारे ते यंत्र अडखळू लागते, आणि मग “एखादे स्वस्तातले ग्राफिक्स कार्ड टाकून घ्या” असा सल्ला चोहोबाजूंनी मिळू लागतो.

सल्ला चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे. कोणते कार्ड, कशासाठी आणि कोणत्या यंत्रात, या तीन गोष्टींचा उलगडा झाल्यावाचून केलेली खरेदी बहुधा वाया जाते, आणि ज्याच्यापाशी पैसे मोजकेच असतात त्याला हा अपव्यय सर्वांत जास्त जाचतो. निवडीचा आरंभ कार्डांच्या यादीपासून न करता आपल्या यंत्राच्या मर्यादांपासून करावा, आणि त्या मर्यादांत जे सुखाने सामावेल त्यालाच उत्तम कार्ड समजावे, या भूमिकेवरून प्रस्तुत प्रश्नाचा आढावा येथे घेतला आहे.

कार्डाची गरज खरोखर आहे काय?

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र कोणत्या तरी चित्रप्रक्रियकाने घडविलेले असते. १९९९ साली एनव्हिडिया कंपनीने ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड ‘जीपीयू’ या नावाने जाहिरात करून बाजारात आणले, तेव्हापासून हा प्रक्रियक म्हणजे संगणकाचा एक स्वतंत्र अवयव अशी कल्पना रूढ झाली. पुढे २०११ पासून इंटेलने आपल्या बहुतेक घरगुती प्रोसेसरांच्या अंतर्भागातच चित्रविभाग सामावून टाकल्यामुळे सामान्य कामापुरती स्वतंत्र कार्डाची आवश्यकता उरली नाही. आपल्या विषयातील यंत्रांत नेहमी आढळणाऱ्या कोअर आय५-३४७० मध्ये ‘एचडी २५००’ आणि आय५-४५७० मध्ये ‘एचडी ४६००’ हा अंगभूत चित्रविभाग आहे, आणि कार्यालयीन काम, साधा चित्रपट व दोन पडदे एकाच वेळी चालविणे एवढ्यास तो पुरेसा आहे.

म्हणून यंत्र मंद चालते या तक्रारीचे मूळ प्रथम शोधले पाहिजे. यंत्र सुरू होण्यास पाच-पाच मिनिटे लागत असतील तर दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. ब्राउझरच्या दहा-बारा खिडक्या उघडताच सर्व काही थिजत असेल तर दोष अपुऱ्या रॅमचा आहे. आणि या दोन्ही व्याधींवर ग्राफिक्स कार्ड हा उपाय नव्हे. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अंगभूत चित्रविभागाला स्वतःची स्मृती नसते, तो यंत्राच्या रॅममधूनच आपला वाटा घेतो. आणि डीडीआर३-१६०० जातीची रॅमची एकच पट्टी बसविलेली असेल तर सेकंदाला १२.८ गिगाबाइट एवढीच माहिती तिच्यातून ये-जा करू शकते, पण तशीच दुसरी पट्टी योग्य खाचेत बसविली की हा वेग २५.६ गिगाबाइटवर जातो. शे-पाचशे रुपयांच्या जुन्या पट्टीने जे साधते ते अनेक स्वस्त कार्डांनाही साधत नाही, याचा प्रत्यय पुढे येईलच.

ज्यांना स्वतंत्र कार्ड खरोखर लागते असे लोक ढोबळमानाने तीन वर्गांत मोडतात. पहिला वर्ग उच्च दर्जाची चलच्चित्रे पाहणाऱ्यांचा. यूट्यूबवरील बहुतेक चित्रफिती व्हीपी९ किंवा एव्ही१ या सांकेतिक पद्धतींत भरलेल्या असतात आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या अंगभूत चित्रविभागाकडे त्या पूर्णतः उकलण्याची स्वतंत्र योजना नसल्यामुळे सर्व भार प्रोसेसरवर पडतो. दुसरा वर्ग आरेखन, संकलन व त्रिमितीय रचना करणाऱ्या विद्यार्थ्यांचा आणि व्यावसायिकांचा. तिसरा वर्ग खेळाडूंचा. या तिघांच्या गरजा भिन्न आहेत आणि एकाला योग्य ठरणारे कार्ड दुसऱ्याला निरुपयोगी ठरू शकते.

विजेचा हिशेब

जुन्या यंत्राची पहिली आणि कठोर मर्यादा विजेची आहे. मदरबोर्डावरील ज्या लांब स्लॉटमध्ये कार्ड बसते, तो पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट नियमानुसार कार्डाला अधिकात अधिक ७५ वॉट वीज पुरवितो. त्याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून, म्हणजे यंत्राला वीज पुरविणाऱ्या पेटीतून, निघणारी वेगळी वायर जोडावी लागते, आणि अशी सहा पिनांची जोडणी आणखी ७५ वॉट तर आठ पिनांची जोडणी १५० वॉट देऊ शकते. कार्यालयीन यंत्रांच्या एसएमपीएसमध्ये या जोडण्या बहुधा नसतातच. डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० या यंत्राच्या लहान आकाराच्या आवृत्तीत २४० वॉटचा आणि उभ्या टॉवर आवृत्तीत २७५ वॉटचा एसएमपीएस असतो. आय५-४५७० सारखा प्रोसेसर ८४ वॉटपर्यंत उष्णता निर्माण करतो असे इंटेलचा तक्ता सांगतो. त्यात मदरबोर्ड, डिस्क, पंखे आणि यूएसबीवरील उपकरणे यांचे ३०–४० वॉट मिळविले तर ७५ वॉटचे कार्ड जेमतेम सामावते, त्याहून मोठ्या कार्डाला तेथे जागा नाही. शिवाय अशा कंपनीकृत यंत्रांतील एसएमपीएसच्या जोडण्या अनेकदा प्रचलित मापाच्या नसतात, त्यामुळे बाजारातला मोठा एसएमपीएस आणून बसविण्याचा मार्गही सरळ राहत नाही.

बाजारात जुळवून घेतलेल्या, म्हणजे ‘असेंबल’ केलेल्या यंत्रांची कथा निराळी. तेथे कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर ‘४५० वॉट’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते आणि मालक त्यावर निर्धास्त असतो. त्याने कॅबिनेटची बाजू उघडून त्या पेटीवरील लहान अक्षरांचा तक्ता वाचावा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना लागणारी वीज मुख्यतः १२ व्होल्टच्या वाहिनीवरून येते. त्या वाहिनीसमोर १६ अँपिअर असा आकडा असेल, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट एवढीच वीज या कामासाठी उपलब्ध आहे, मग वरचा ठळक आकडा काहीही असो. अशा पेटीवर १५० वॉटचे कार्ड लादणे म्हणजे कार्डाबरोबर मदरबोर्ड आणि डिस्कमधील साठविलेली कामेही धोक्यात घालणे होय. जुन्या चौपिनी मोलेक्स वायरीपासून सहा पिनांची जोडणी बनवून देणारे स्वस्त कन्व्हर्टर दुकानांत मिळतात. पण वायर जोडता आली म्हणून मूळ पेटीची शक्ती वाढत नाही, हे विसरू नये.

स्लॉट, जागा आणि प्रोसेसर

दुसरी मर्यादा स्लॉटच्या वेगाची. पीसीआय एक्स्प्रेसच्या प्रत्येक आवृत्तीगणिक माहितीच्या वहनाचा वेग सुमारे दुप्पट होत गेला आहे. सोळा मार्गिकांचा स्लॉट दुसऱ्या आवृत्तीत सेकंदाला सुमारे ८, तिसऱ्या आवृत्तीत सुमारे १६ आणि चौथ्या आवृत्तीत सुमारे ३२ गिगाबाइट माहिती एका दिशेने वाहून नेतो. नव्या कार्डाने जुन्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये काम करावे अशी योजना प्रमाणातच आहे, आणि सोळाही मार्गिका वापरणाऱ्या कार्डाचे त्यामुळे फारसे नुकसान होत नाही. परंतु अलीकडे किंमत कमी राखण्यासाठी काही कार्डांना केवळ चारच मार्गिका दिल्या जातात, आणि तेथे मात्र जुने यंत्र मार खाते. आपल्याकडे चौथ्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर सर्रास खपलेल्या एच८१ चिपसेटच्या मदरबोर्डावर स्लॉट दुसऱ्याच आवृत्तीचा असतो. त्यात चार मार्गिकांचे कार्ड बसविले तर चौथ्या आवृत्तीवर मिळणाऱ्या ८ गिगाबाइटऐवजी २ गिगाबाइट वेग हाती येतो. कार्डाची स्वतःची स्मृती अपुरी पडून त्याला यंत्राच्या रॅमकडे धाव घ्यावी लागली, की ही अरुंद वाट तत्क्षणी जाणवते आणि चित्र धक्के खात चालू लागते.

तिसरी मर्यादा प्रत्यक्ष जागेची. लहान आकाराच्या कार्यालयीन यंत्रांत कार्ड निम्म्या उंचीचे, म्हणजे ‘लो प्रोफाइल’ असावे लागते आणि त्यासोबत तेवढ्याच उंचीची पत्र्याची पट्टी मिळणे अवश्य असते. ती पट्टी खोक्यात आहे की नाही हे दुकानातच पाहून घ्यावे, कारण सुटी पट्टी मागाहून मिळविणे फार जिकिरीचे असते. कार्ड दोन स्लॉटांची जागा व्यापते की एकाची, त्याची लांबी डिस्कच्या पिंजऱ्याला अडते काय, हेही फूटपट्टीने मोजावे. तीच गोष्ट मॉनिटरची. जुन्या मॉनिटरांना बहुधा निळ्या टोकाची व्हीजीए केबल असते, आणि एनव्हिडियाच्या २०१६ नंतरच्या कार्डांनी त्या जुन्या पद्धतीचा संकेत देणे सोडून दिले आहे. तेव्हा एचडीएमआयचे रूपांतर व्हीजीएत करणाऱ्या कन्व्हर्टरची किंमत हिशेबात धरली पाहिजे. फार जुन्या मदरबोर्डांवर, विशेषतः ज्यांत यूईएफआयऐवजी जुन्या पद्धतीचे बायोस आहे त्यांवर, काही नवी कार्डे चित्रच दाखवीत नाहीत; कंपनीकृत यंत्रांच्या बाबतीत निर्मात्याचे अखेरचे बायोस आधी भरून घेणे हा त्यावरचा पहिला उपाय.

राहिला प्रोसेसर. चार गाभ्यांचा आणि चारच धाग्यांचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा आय५ एका मर्यादेपलीकडे कार्डाला काम पुरवू शकत नाही. ती मर्यादा गाठल्यावर कार्ड कितीही बलवान असले तरी ते रिकामे बसून राहते. तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरात एव्हीएक्स२ हा आज्ञासंच नाही, आणि काही नवी सॉफ्टवेअरे व खेळ त्यावाचून सुरूच होत नाहीत. तेथे कोणतेही कार्ड साहाय्यास येत नाही. त्याच खाचेत बसणारा चार गाभ्यांचा पण आठ धाग्यांचा आय७-३७७० किंवा आय७-४७७० जुन्या बाजारात वाजवी किमतीला मिळाला, तर कार्डाचे पैसे अधिक सार्थकी लागतात. मॉनिटरच्या रिझोल्यूशनचाही येथे संबंध आहे : १३६६ × ७६८ च्या पडद्यावर सुमारे साडेदहा लाख बिंदू रंगवावे लागतात, तर १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे पावणेएकवीस लाख. ज्याच्याकडे पहिल्या प्रकारचा पडदा आहे त्याची गरज जवळपास निम्म्या ताकदीच्या कार्डावर भागते.

स्मृतीचा आकार आणि स्मृतीचा वेग

स्वस्त कार्डांच्या बाजारात सर्वांत मोठी दिशाभूल ‘इतक्या जीबीचे कार्ड’ या शब्दप्रयोगाने होते. खोक्यावर ‘४ जीबी’ असे लिहिलेले पाहून ग्राहक संतुष्ट होतो. परंतु ती स्मृती कोणत्या जातीची आहे आणि प्रक्रियकापर्यंत किती रुंद वाटेने येते, हे तो विचारीत नाही. हिशेब सोपा आहे. वाट ६४ बिटांची असेल तर एका वेळी ८ बाइट येतात. जीडीडीआर५ जातीची स्मृती सेकंदाला ६०० कोटी वेळा असे ८ बाइट पाठवीत असेल, तर एकूण वेग सेकंदाला ४८ गिगाबाइट होतो. मे २०१७ मध्ये निघालेल्या जीटी १०३० या कार्डाचा वेग असाच ४८ गिगाबाइट आहे. परंतु पुढच्याच वर्षी याच नावाने डीडीआर४ स्मृतीची दुसरी आवृत्ती बाजारात आली, आणि तिचा वेग १६.८ गिगाबाइट, म्हणजे मूळ कार्डाच्या सुमारे एक-तृतीयांश आहे. नाव एक, स्मृतीचा आकार तोच २ गिगाबाइट, खोकेही जवळपास तसेच. आणि कार्यक्षमतेत मात्र दोन आवृत्त्यांमध्ये भले मोठे अंतर. दुकानदाराला “जीडीडीआर५ आहे की डीडीआर४?” हा एक प्रश्न विचारल्याने हा तोटा टळतो.

या आकड्यांना प्रत्यक्ष कामाची कसोटी लावून पाहू. ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्यांसाठी ऑटोडेस्क कंपनीने चित्रस्मृतीचा किमान वेग २९ गिगाबाइट आणि शिफारशीचा वेग १०६ गिगाबाइट सांगितला आहे. त्या मोजमापाने जीटी १०३० ची जीडीडीआर५ आवृत्ती किमान पात्रता ओलांडते, डीडीआर४ आवृत्ती ओलांडीत नाही. आणि ६४ बिटी वाटेच्या डीडीआर३ स्मृतीचे, १४.४ गिगाबाइट वेगाचे जीटी ७३० हे कार्ड, मग त्यावर ४ गिगाबाइट का असेनात, ती ओलांडीत नाही. एवढेच नव्हे, तर रॅमच्या दोन पट्ट्या बसविलेल्या यंत्राच्या अंगभूत चित्रविभागाला मिळणाऱ्या २५.६ गिगाबाइटपेक्षाही, जरी तो वेग त्याला प्रोसेसरबरोबर वाटून घ्यावा लागतो, हे दोन्ही आकडे उणे आहेत. विद्यार्थ्याच्या वडिलांनी काटकसर करून आणलेले कार्ड आधी होते त्याहून फारसे पुढे का जात नाही, याचे उत्तर या दोन-तीन आकड्यांत आहे.

उपलब्ध कार्डांची पाहणी

आता प्रत्यक्ष कार्डांकडे वळू. सर्वांत खालच्या पायरीवर जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डे अजूनही दुकानांतून नवी म्हणून विकली जातात. जीटी ७१० मध्ये १९२ गणनागाभे आहेत आणि ते १९ वॉटवर चालते. एखाद्या यंत्राला चित्रविभागच नसेल अथवा तो बिघडला असेल, तर पडदा उजळण्यापुरते ते उपयोगी पडते. त्यापलीकडे त्याची शिफारस करता येत नाही, कारण या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी नवे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२१ पासून थांबविले आहे.

त्यावरची पायरी जीडीडीआर५ स्मृतीच्या जीटी १०३० ची. ३० वॉट विजेवर चालणारे, निम्म्या उंचीत मिळणारे हे कार्ड व्हीपी९ चित्रफितींचा भार प्रोसेसरवरून उतरविते आणि साधे आरेखन पेलते. परंतु चित्रफीत नव्याने सांकेतिक करण्याची, म्हणजे एनकोडिंगची, सोय त्यात नाही, आणि एव्ही१ उकलण्याचीही नाही. संकलकाने म्हणूनच त्याच्या वाटेला जाऊ नये.

तिसरी पायरी, वेगळी वायर न जोडता स्लॉटच्या ७५ वॉटांत भागणाऱ्या सशक्त कार्डांची. आणि जुन्या यंत्रांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. फेब्रुवारी २०१४ मधील जीटीएक्स ७५० टीआय हे ६० वॉटचे कार्ड या परंपरेचा आरंभ म्हणता येईल. ऑक्टोबर २०१६ मधील जीटीएक्स १०५० टीआयने ४ गिगाबाइट स्मृती व ११२ गिगाबाइट वेग देऊन ती पुढे नेली. आणि एप्रिल २०१९ मधील जीटीएक्स १६५० ने ८९६ गाभे व १२८ गिगाबाइट वेग त्याच ७५ वॉटांत बसविला. त्यांपैकी पहिली दोन आज जुन्या बाजारातच मिळतात, आणि त्यांच्याविषयी एक वस्तुस्थिती नोंदविणे अगत्याचे आहे : मॅक्सवेल व पास्कल या ज्या पिढ्यांत ही कार्डे मोडतात, त्यांच्यासाठी नव्या खेळांना अनुरूप ड्रायव्हर देण्याचे काम एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये संपविले असून, ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. जीटी १०३० लाही हाच नियम लागू आहे. जीटीएक्स १६५० मात्र पुढच्या ट्युरिंग पिढीचे असल्याने या निवृत्तीतून बचावले आहे. त्याच्या काही आवृत्त्यांना सहा पिनांची वायर लागते, काहींना लागत नाही. खरेदीपूर्वी कार्डाची वरची कड पाहून खातरजमा करावी.

याच पायरीवर फेब्रुवारी २०२४ मध्ये आरटीएक्स ३०५० ची ६ गिगाबाइटची आवृत्ती आली. २०२२ च्या मूळ ८ गिगाबाइट आवृत्तीला १३० वॉट लागतात. या आवृत्तीत गाभे २५६० वरून २३०४ वर आणि स्मृतीचा वेग २२४ वरून १६८ गिगाबाइटवर उतरविले आहेत, पण त्या बदल्यात तिची विजेची गरज ७० वॉटांवर आली असून बहुतेक आवृत्त्यांना स्लॉटबाहेरची वीज लागत नाही. नव्या यंत्राच्या मालकाने या आवृत्तीला नाक मुरडावे हे समजण्यासारखे आहे. परंतु २४० वॉटच्या ऑप्टिप्लेक्सच्या मालकाला हीच उणी आवृत्ती वरदान ठरते. ती एव्ही१ चित्रफिती उकलते, तिचे ड्रायव्हर चालू आहेत, निम्म्या उंचीतही ती मिळते, आणि आठ मार्गिका वापरीत असल्यामुळे जुन्या स्लॉटमध्ये तिचे होणारे नुकसान सोसण्याजोगे असते.

एएमडीचे आरएक्स ६४०० हे ५३ वॉटचे छोटे कार्ड पाहताक्षणी मोहात पाडते. पण त्याला चारच मार्गिका आहेत, एनकोडिंगची सोय नाही आणि एव्ही१ उकलण्याचीही नाही. त्याचेच थोरले भावंड आरएक्स ६५०० एक्सटी याच उणिवांसह वर १०७ वॉट मागते. ही दोन्ही कार्डे चौथ्या आवृत्तीच्या स्लॉटसाठी आहेत. जुन्या यंत्रासाठी ती घेऊ नयेत. इंटेलचे आर्क ए३८० हे ६ गिगाबाइटचे कार्ड चित्रफिती एव्ही१ मध्ये सांकेतिकही करते आणि संकलकाला ते हवेहवेसे वाटेल. परंतु त्याची खरी शक्ती ‘रिसायझेबल बार’ ही सोय असलेल्या मदरबोर्डावरच प्रकट होते, आणि आपल्या विषयातील यंत्रांत ती सोय नसते. ज्या यंत्राचा प्रोसेसर दहाव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आहे, त्याच्या मालकाने मात्र त्याचा जरूर विचार करावा.

चौथी पायरी स्वतंत्र वायर लागणाऱ्या कार्डांची. जीटीएक्स १६६० सुपर (१२५ वॉट) आणि आरएक्स ६६०० (१३२ वॉट) ही त्यांतील संतुलित कार्डे. ज्याच्याकडे प्रचलित मापाचे कॅबिनेट, खात्रीचा ४५० वॉटचा एसएमपीएस आणि आठ धाग्यांचा प्रोसेसर आहे, त्याने ही पायरी अवश्य चढावी. शिवाय पुढे नवे यंत्र घेतले तर ही कार्डे त्यात नेता येतात. ज्याला या कार्डासाठी एसएमपीएस, कॅबिनेट आणि प्रोसेसर हे तिन्ही बदलावे लागणार असतील, त्याने तो पैसा राखून ठेवावा आणि रायझन ५ ८६०० जी सारख्या सशक्त अंगभूत चित्रविभागाच्या प्रोसेसरवर उभारलेल्या नव्या यंत्राची तजवीज करावी.

सेकंडहँड बाजार

मोजक्या पैशांत अधिक सामर्थ्य हवे असेल तर जुन्या कार्डांचा बाजार टाळता येत नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवर चालणारी आपली ‘मायनिंग’ पद्धत सोडून दिली आणि अहोरात्र राबलेली असंख्य कार्डे जगभरच्या बाजारांत लोटली गेली. आरएक्स ५७० व ५८० ही त्यांतील ठळक नावे. मायनिंगला वापरलेले प्रत्येक कार्ड टाकाऊ असते असे नव्हे. पंखे व उष्णतावाहक पेस्ट बदलल्यावर त्यांतील अनेक चांगली चालतात. तथापि ही कार्डे १५० वॉट आणि त्याहून अधिक वीज घेतात, त्यांच्या पिढीला एएमडीने २०२३ मध्ये ड्रायव्हरच्या मुख्य शाखेतून बाजूला केले आहे, आणि ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ या नावाने जे कार्ड विकले जाते ते वस्तुतः आरएक्स ५७० च्याच ताकदीचे आहे. लिनक्स वापरणाऱ्यांना मात्र एएमडीच्या कार्डांचा एक लाभ मिळतो : त्यांचे मुक्त ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यातच असल्याने कंपनीने हात काढून घेतल्यावरही ती दीर्घकाळ चालू राहतात.

याहून गंभीर प्रकार बनावट कार्डांचा. २०१० सालच्या जीटीएस ४५० सारख्या कार्डाच्या बायोसमध्ये फेरफार करून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. विंडोज त्याला नव्या नावाने ओळखते आणि ग्राहक फसतो. जीपीयू-झेड या विनामूल्य सॉफ्टवेअरने २०१८ पासून अशी एनव्हिडिया कार्डे ओळखून तसा शिक्का दाखविण्याची सोय केली आहे. शिवाय १०५० टीआय म्हणून दाखविलेल्या कार्डावर व्हीजीएची निळी खाच दिसली तर व्यवहार तेथेच थांबवावा. जुने कार्ड घेताना ते विक्रेत्याच्या यंत्रावर अर्धा तास भार देऊन चालवून पाहावे. पडद्यावर ठिपके वा रेघा उमटतात काय, पंखा खरखरतो काय, तापमान भराभर चढते काय, याकडे लक्ष द्यावे. कोकणपट्टीतून आलेल्या कार्डाच्या जोडण्यांवर दमट हवेने गंज चढला आहे काय हेही पाहावे. पक्के बिल आणि वॉरंटीची शिल्लक मुदत असेल तर थोडे अधिक पैसे मोजण्यास हरकत नाही.

निष्कर्ष

या सर्व विवेचनाचा निर्वाळा असा. केवळ कार्यालयीन काम असेल तर कार्ड घेऊ नये. एसएसडी आणि रॅमची दुसरी पट्टी घ्यावी. चलच्चित्रे पाहणे व प्राथमिक आरेखन एवढीच गरज असेल तर जीडीडीआर५ स्मृतीचे जीटी १०३० पुरे, पण ते स्वस्त मिळाले तरच, कारण त्याच्या ड्रायव्हरचे आयुष्य सरत आले आहे. विद्यार्थी, संकलक आणि मध्यम अपेक्षांचा खेळाडू यांनी, तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या कंपनीकृत यंत्रासाठी, नवे घ्यायचे तर ६ गिगाबाइटचे आरटीएक्स ३०५० आणि जुने घ्यायचे तर बाहेरील वीज न लागणारे जीटीएक्स १६५० घ्यावे; त्या यंत्राची हीच कमाल मर्यादा समजावी. त्यापुढची कार्डे चांगल्या एसएमपीएसच्या आणि अधिक समर्थ प्रोसेसरच्या मालकांसाठी आहेत.

खरेदीला निघण्यापूर्वी वाचकाने एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : एसएमपीएसच्या १२ व्होल्ट वाहिनीचे अँपिअर, सहा किंवा आठ पिनांची वायर आहे की नाही, मदरबोर्डाचे नाव व स्लॉटची आवृत्ती, कार्डासाठी मिळणारी उंची-लांबी, आणि मॉनिटरची खाच व रिझोल्यूशन. हा कागद दुकानदारासमोर ठेवावा, आणि जे कार्ड या पाचही ओळींत बसत नाही ते, कितीही सवलत मिळाली तरी, घेऊ नये.